गेटच्या आतली गाडी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘राखण’ हा विषय दिला, तेव्हा मी भोसरीच्या एमआयडीसीची वाट धरली. पिंपरी-चिंचवड, चाकण, हिंजवडी या पट्ट्यात रोज हजारो माणसं कर्ज काढून घेतलेली गाडी मालकाच्या आवारात उभी करतात आणि आठ-दहा तास तिच्याकडे पाहतही नाहीत. त्या वेळात ती गाडी कुणाच्या राखणीत असते? ती चोरीला गेली तर भरून कोण देणार? हे प्रश्न घेऊन मी गेटवरच्या माणसांशी, पोलिसांशी, वकिलांशी आणि गाडी गमावलेल्यांशी बोललो.

पाळी सुटते तेव्हा

दुसरी पाळी सुटायच्या वेळी एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या गेटवर उभा होतो. आत पत्र्याच्या शेडखाली दुचाकींच्या रांगा, त्यामागे मोकळ्या मैदानात पन्नासेक मोटारी. भोंगा झाला आणि दहा मिनिटांत सगळं आवार हललं. गेटवर दोन वॉचमन. एक जण पायी निघालेल्यांच्या पिशव्या उघडून बघत होता, दुसरा बाहेर पडणाऱ्या ट्रकचं चलन तपासत होता. कामगारांच्या गाड्या मात्र एकामागून एक निघून जात होत्या. त्यांच्या काचेवर कंपनीचं स्टिकर होतं आणि तेवढं पुरेसं होतं. गाडी कोण चालवतोय, हे कुणी बघत नव्हतं.

“येताना नंबर लिहितो आम्ही,” वॉचमनमामा म्हणाले. “जाताना कसं लिहिणार? शंभर गाड्या एकदम सुटतात. मागं हॉर्न सुरू होतात.” त्यांची ड्यूटी बारा तासांची. पगार एजन्सीकडून येतो, कंपनीकडून नाही. गेटशेजारच्या भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती : वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत, चोरी अथवा नुकसानीस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.

अशाच एका आवारातून गाडी गेलेल्या ताई मला नंतर भेटल्या. स्टोअरमध्ये काम करतात. पाच वर्षांच्या कर्जावर घेतलेली छोटी गाडी, तिसऱ्या वर्षी चोरीला गेली. पाळी संपवून बाहेर आल्या तर जागा रिकामी. आधी वाटलं, आपणच दुसऱ्या रांगेत लावली असेल. मग सगळं मैदान पालथं घातलं. एचआरच्या साहेबांनी सहानुभूतीनं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. “रस्त्यावर लावली असती तर माझी चूक म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. “मी तर यांच्या गेटच्या आत लावली होती. बाहेर लावू नका असं परिपत्रकही यांनीच काढलं होतं.”

चावी कुणाकडे होती

शिवाजीनगरच्या न्यायालयात वाहन-विम्याची प्रकरणं चालवणाऱ्या एका वकिलांसमोर मी हीच हकिगत मांडली. त्यांनी पाटीबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, “चावी कुणाकडे होती?”

सगळा कायदा या प्रश्नाभोवती फिरतो. भारतीय करार अधिनियम १८७२ चा. त्याच्या कलम १४८ मध्ये निक्षेपाची व्याख्या आहे : एकाने आपली वस्तू काही हेतूसाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि हेतू पुरा झाल्यावर ती परत मिळवायची. वस्तू ज्याच्या ताब्यात आली, त्यानं तिची किती काळजी घ्यायची ते कलम १५१ सांगतं : साधारण शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी. मोबदला घेतला की नाही, यावर ही काळजी कमी-जास्त होत नाही. पण हे सगळं लागू व्हायला वस्तू आधी ताब्यात द्यावी लागते. गाडीची चावी गेटवर दिली, ड्रायव्हरनं किंवा वॉचमननं ती नेऊन लावली, टोकन दिलं, तर ताबा दिला. आपणच रांगेत लावून चावी खिशात टाकली, तर कंपनी म्हणणार : आम्ही फक्त उभं करायला जागा दिली, गाडी तुमच्याच ताब्यात होती.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १४ नोव्हेंबर २०१९ चा निकाल वाचण्यासारखा आहे. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात एक ग्राहक आपली मारुती झेन घेऊन आला. चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली, पावती घेतली आणि आत गेला. रात्री एकच्या सुमारास बाहेर आला तेव्हा कळलं की गाडी दुसराच कुणीतरी घेऊन गेला. तीन तरुण आपल्या गाडीतून आले होते. त्यांतल्या एकानं दुसऱ्याची चावी उचलली आणि तो झेन घेऊन पसार झाला. युनायटेड इंडिया इन्शुरन्सनं मालकाला २ लाख ८० हजार रुपये दिले आणि मग मालकाला बरोबर घेऊन हॉटेलवर ग्राहक तक्रार केली.

हॉटेलचा बचाव भोसरीच्या भिंतीवर आहे तोच होता. पावतीच्या मागे छापलं होतं की गाडी मालकाच्या जोखमीवर उभी आहे. न्यायालयानं तो मानला नाही. चावी घेऊन गाडी ताब्यात घेतली की ती सुस्थितीत परत करायची जबाबदारी आली. गाडी गेली, तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलनं सिद्ध करायचं, मालकानं नव्हे. आणि स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटका करून घ्यायला छापील अट उपयोगी पडत नाही. वाहनतळासाठी वेगळे पैसे घेतले नव्हते, हा मुद्दाही टिकला नाही.

म्हणजे गेटवरची पाटी शेवटचा शब्द नाही. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. ताबा दिला होता, हे आधी मालकानं दाखवावं लागतं. स्वतः गाडी लावणाऱ्या कामगाराची वाट इथं अरुंद होते. तरी ती बंद होत नाही, असं वकिलांचं म्हणणं पडलं, आणि मला ते पटलं. आवाराला कुंपण आहे, एकच गेट आहे, आत येणाऱ्या गाडीची नोंद होते, बाहेर लावायला मनाई आहे, पहाऱ्यावर पैसे खर्च होतात. गाड्यांवर देखरेख ठेवण्याचं काम कंपनीनं आपणहून पत्करलं होतं, असं यावरून मांडता येतं. मग दावा निक्षेपाचा न होता निष्काळजीपणाचा होतो, आणि तो सिद्ध करायचं ओझं गाडी गमावणाऱ्यावर राहतं. म्हणूनच पहिल्या काही दिवसांत काय कागद हाती लागतो, यावर पुढचं सगळं ठरतं.

ठाणे अंमलदारासमोर

गाडी गेल्याचं कळताच पहिला फोन ११२ ला करावा. पोलीस लगेच येवोत न येवोत, किती वाजता कळवलं याची नोंद राहते. मग ठाण्यात जायचं. तिथं बहुतेकांना एकच अनुभव येतो. “आधी दोन-चार दिवस शोधा, फायनान्सवाल्यांनी उचलली का बघा, तोवर अर्ज देऊन ठेवा.” अर्जावर पोचीचा शिक्का मिळतो आणि माणसाला वाटतं, काम झालं. ते झालेलं नसतं. विमा कंपनीला तक्रार अर्ज चालत नाही, तिला गुन्हा दाखल झालेला हवा असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. चोरीचं कलम आता ३०३. फिर्याद नोंदवण्याची तरतूद सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये. गुन्हा आमच्या हद्दीत नाही म्हणून परत पाठवता येत नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं तो नोंदवता येतो. इलेक्ट्रॉनिक मार्गानं दिलेली माहितीही घ्यावी लागते, फक्त देणाऱ्यानं तीन दिवसांत येऊन सही करायची. फिर्यादीला प्रत विनामूल्य मिळते. नोंदवायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे आयुक्तालय असेल तिथं उपायुक्तांकडे, लेखी पाठवता येतं आणि तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

वाहनचोरीच्या तपासात वर्षं घालवलेले एक हवालदार मला भेटले. “लोक येतात आणि फक्त नंबर प्लेट सांगतात,” ते म्हणाले. “प्लेट तर पहिल्या तासात बदलते. चेसिस नंबर, इंजिन नंबर द्या. काचेला कुठं तडा आहे, सीट कुठं फाटलंय ते सांगा.” त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटली. लोक घाबरून पहिल्यांदा फास्टॅग बंद करतात. त्याऐवजी आधी पोलिसांना विचारावं. टोलनाका ओलांडल्याचा मेसेज आला तर गाडी कुठल्या दिशेनं गेली ते कळतं.

तिसरं काम कंपनीच्या आवारातच करायचं असतं : सीसीटीव्ही. रेकॉर्डरची जागा भरली की जुन्या चित्रणावर नवं चढतं, आणि लहान कारखान्यांत हे दोन-तीन आठवड्यांत होतं. त्यामुळं त्याच दिवशी व्यवस्थापनाला लेखी कळवावं, ईमेलनं कळवावं, की अमुक वेळेतलं चित्रण, गेटवरचं रजिस्टर आणि वॉचमनचा ड्यूटी तक्ता जपून ठेवा. त्याची प्रत तपासी अंमलदाराला द्यावी. पुढं न्यायालयात ते चित्रण वापरायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेली क्लिप तेवढ्यानं पुरावा होत नाही. ताईंच्या प्रकरणात सहकाऱ्यांनी चित्रण पाहिलं होतं. ते जतन करा असं लिहून देण्याचं कुणालाच सुचलं नाही, आणि पोलिसांनी मागितलं तेव्हा ते पुसलं गेलं होतं.

तपास लागला नाही तर महाराष्ट्रात पोलीस न्यायालयाकडून ‘अ’ समरी मागतात. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, असा त्याचा अर्थ. ‘ब’ समरी म्हणजे फिर्यादच खोटी. न्यायालयानं मंजूर केलेली ‘अ’ समरी हा विमा दाव्यातला सर्वांत उशिरा हाती येणारा कागद. तिच्यासाठी माणसं महिनोन्‌महिने ठाण्याच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. तपासात काय प्रगती झाली ते पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं, असं आता कायद्यातच लिहिलं आहे. या तरतुदीचा उल्लेख करून लेखी विचारलं, की कागद हलतो असं वकिलांनी सांगितलं.

विम्याचा रस्ता

पैसे परत मिळण्याचा सर्वांत जवळचा रस्ता विम्याचाच. पॉलिसीवर गाडीची जी घोषित किंमत असते, ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात, तेवढीच रक्कम मिळते. तीन ते चार वर्षांच्या गाडीसाठी त्यात ४० टक्के घसारा धरलेला असतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी ५० टक्के. कर्ज असेल तर धनादेश आधी बँकेकडे जातो. बँकेचा हप्ता गाडी गेली म्हणून थांबत नाही, आणि तो चुकवला तर वर दंडही लागतो. ताईंनी दावा मंजूर होईपर्यंत, नसलेल्या गाडीचे हप्ते भरले.

विमा कंपनीचा तपासनीस येतो तेव्हा तो दोन्ही चाव्या मागतो. एकच असली तर संशय सुरू होतो : दुसरी गाडीत राहिली होती का? कुणाला दिली होती का? म्हणून दुसरी चावी घरात कुठं आहे हे आजच पाहून ठेवावं. हरवली असेल तर तशी नोंद आधीच केलेली बरी. मग आरसी, फॉर्म २८, २९, ३० वर सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र, आरटीओला चोरी कळवल्याची पोच, मुद्रांकावर हमीपत्र.

दावे नाकारण्याची कारणं ठरलेली असतात, आणि त्यांतली काही सर्वोच्च न्यायालयानं खोडून काढली आहेत. गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात ट्रॅक्टर चोरीला गेला, त्याच दिवशी फिर्याद झाली, पण विमा कंपनीला ५२ दिवसांनी कळवलं. २४ जानेवारी २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की पोलिसांत तातडीनं गेलेल्या माणसाचा खरा दावा केवळ विमा कंपनीला उशिरा कळवलं म्हणून फेटाळता येणार नाही. ट्रकमध्ये चावी राहिली म्हणून पूर्ण दावा नाकारलेल्या प्रकरणात २०२३ मध्ये ७५ टक्के रक्कम देववली गेली. पण सगळ्याच चुका माफ होत नाहीत. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली नवी बोलेरो जोधपूरच्या एका अतिथिगृहाबाहेरून चोरीला गेली, तेव्हा २०२१ मध्ये न्यायालयानं मालकाच्या हाती काहीच पडू दिलं नाही. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणणं हाच कराराचा मूलभूत भंग, असं निकाल सांगतो.

दावा नाकारला किंवा लटकवला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. मग विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही. किंवा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं राहत्या वा कामाच्या ठिकाणच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. आयोगाची फी गाडीच्या किमतीवर ठरत नाही, भरलेल्या विमा हप्त्यावर ठरते, त्यामुळं जवळपास प्रत्येकाला ती शून्य असते. तक्रार ई-जागृति पोर्टलवरूनही दाखल होते.

नोकरी राखून भांडायचं कसं

कंपनीवर दावा करायचा का, या प्रश्नावर सगळेच अडखळले. ताई म्हणाल्या, “सकाळी कुणाला नोटीस पाठवायची आणि दुपारी त्यांच्याच समोर पंच करायचं?” ही भीती खरी आहे आणि तिला कमी लेखून चालणार नाही.

कायद्याच्या बाजूनंही अडचण आहे. ग्राहक आयोगात जायला सेवा मोबदल्यावर घेतलेली असावी लागते. विनामूल्य सेवा त्या व्याख्येत बसत नाही, आणि कामगार हा मालकाचा ग्राहक नसतो. त्यामुळं मालकाविरुद्धचं प्रकरण दिवाणी न्यायालयातच जातं. करारभंगाच्या भरपाईसाठी मुदत तीन वर्षं, न्यायालयाचं शुल्क भरायचं आणि वाट बघायची. ताज महाल हॉटेलच्या प्रकरणाला चोरीपासून अंतिम निकालापर्यंत २१ वर्षं लागली, आणि तिथं तर ताबा दिल्याचा कागद होता. हिंजवडीसारख्या ठिकाणी चित्र थोडं वेगळं असतं. एकाच इमारतीत अनेक कंपन्या, वाहनतळ वेगळ्या ठेकेदाराकडे, महिन्याचा पास पैसे देऊन काढलेला. तिथं पैसे देणारा त्या ठेकेदाराचा ग्राहक असतो आणि आयोगाचं दार त्याला उघडं असतं. पासची पावती म्हणूनच फेकू नये.

पण एक वाट फार कमी जणांना ठाऊक आहे, आणि ती मला सर्वांत माणुसकीची वाटते. विमा कंपनीनं भरपाई दिली की ती त्या रकमेपुरती मालकाच्या जागी उभी राहते आणि ज्याच्या निष्काळजीपणामुळं चोरी झाली त्याच्याकडून वसुली करू शकते. ताजच्या प्रकरणात नेमकं हेच झालं. म्हणजे कामगारानं आपल्या मालकाशी भांडण्याची गरज नाही. त्यानं विम्याचे पैसे घ्यावेत, कागद विमा कंपनीच्या हाती द्यावेत आणि दोन कंपन्यांना आपसांत पाहू द्यावं. एक पथ्य मात्र पाळावंच लागतं. ‘माझी व्यवस्थापनाविरुद्ध काही तक्रार नाही’ असं पत्र एचआरनं गोड बोलून मागितलं, तर त्यावर सही करू नये. आपण सोडून दिलेला हक्क विमा कंपनीलाही मिळत नाही, आणि हे कारण पुढं करून ती आपलाच दावा अडवू शकते.

कंपन्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कंपनीचा एक पाना बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक कामगाराची पिशवी उघडली जाते. त्या कामगाराची चार-पाच लाखांची गाडी मात्र कुणीही घेऊन जाऊ शकतो, आणि मग त्याला पाटी दाखवली जाते. हे अन्यायाचं आहे. बाहेर जाणाऱ्या गाडीचा नंबर आणि चालकाचं ओळखपत्र जुळवून बघायला गेटवर आणखी एक माणूस लागतो, तेवढंच. जिथं संघटना आहे तिथं वेतनकराराच्या मागणीपत्रात हा मुद्दा घालता येतो : वाहनतळाची नोंद, चित्रण किमान ९० दिवस ठेवणं, सुरक्षा एजन्सीच्या करारात कामगारांच्या वाहनांचा स्पष्ट उल्लेख. कँटीनच्या दरावर रात्र-रात्र वाटाघाटी करणाऱ्या संघटनांनी हे हाती घ्यायला हवं.

सापडलेली गाडी

कधी कधी गाडी सापडते. महामार्गालगतच्या ढाब्यामागे, दुसऱ्या राज्यात वेगळ्या नंबरानं, किंवा सुटे भाग होऊन. मग ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहते. ऊन, पाऊस आणि गंज तिचं उरलेलं मोल संपवतात. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं होतं की वाहनं ठाण्यात सडवत ठेवू नयेत. पंचनामा करावा, छायाचित्रं घ्यावीत, बंधपत्र लिहून घ्यावं आणि गाडी मालकाला द्यावी. सुपूर्तनाम्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि तो आपणहून करावा लागतो. विम्याची रक्कम आधीच घेतली असेल तर गाडीवर हक्क विमा कंपनीचा, त्यामुळं तिला कळवणं भाग आहे.

ताईंची गाडी सापडली नाही. विम्याचे पैसे मिळाले, ते बँकेत गेले, आणि कर्जाचा थोडा भाग अंगावर राहिला. तो त्या अजून फेडत आहेत. कामावर बसनं जातात.

दोन तारखा

वाहनतळात दुचाकी मोटारींपेक्षा कितीतरी जास्त होत्या. तिथल्या काही जणांना मी पॉलिसी दाखवायला सांगितली. “इन्शुरन्स आहे ना, पाच वर्षांचा आहे,” असं म्हणत मोबाईलवर त्यांनी ती उघडली आणि त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीयपक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. चोरीची भरपाई त्यातून मिळत नाही. ती स्वतःच्या नुकसानीच्या, म्हणजे ‘ओन डॅमेज’च्या विम्यातून मिळते आणि तो बहुधा एकाच वर्षाचा असतो. पहिल्या वर्षानंतर त्याचं नूतनीकरण राहून गेलं, तरी पोलिसांना दाखवायला पॉलिसी चालूच असते, त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही विम्यांच्या मुदती पॉलिसीच्या पहिल्या पानावर वेगवेगळ्या छापलेल्या असतात. उद्या गाडी कामावर नेण्याआधी त्यांतली ‘ओन डॅमेज’समोरची तारीख बघा, आणि ती उलटली असेल तर गाडी गेटच्या आत लावण्यापूर्वी तो विमा पुन्हा घ्या.